पहिलीचे एक वर्ष

(बीड जिल्ह्यातील इयत्ता पहिलीच्या शिक्षकांच्या मेळाव्यात एका सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षकाने केलेले भाषण)



मी काही शिक्षणशास्त्राचा पंडित नव्हे. माझ्या नोकरीतील बहुतेक वर्षे दोनशिक्षकी शाळांत गेली, आणि दोनशिक्षकी शाळेत पहिलीचा वर्ग कोणी घ्यावयाचा हा प्रश्न निघाला की तो बहुधा नव्या माणसाच्या गळ्यात पडतो. तसा तो माझ्याही गळ्यात पडला. पहिलीला काय शिकवावयाचे आहे, चार अक्षरे आणि चार आकडे, ते कोणीही शिकवील, असा त्या वेळी समज होता. माझाही तोच समज होता. तो कसा चुकीचा ठरला हेच मला आज सांगावयाचे आहे.

महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देऊन प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. नामदार गोखले यांनी १९११ साली त्यासाठी विधेयक मांडले. ते संमत झाले नाही. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली आपल्या संस्थानापुरता सक्तीच्या शिक्षणाचा कायदा केला. साऱ्या देशाच्या मुलांना तसा हक्क मिळावयास १ एप्रिल २०१० हा दिवस उजाडावा लागला. फुल्यांच्या निवेदनापासून मोजल्यास मध्ये १२८ वर्षे गेली. एवढ्या पिढ्यांच्या खटपटीनंतर मूल शाळेच्या दारात आले आहे. दारात आलेले मूल एका वर्षात काय घेऊन बाहेर जाते, याची जबाबदारी मात्र कायद्यावर टाकून चालत नाही. ती पहिलीच्या शिक्षकावर येते.

प्रथम एक अनुभव सांगतो. तो माझ्या चुकीचा आहे.

माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या वर्गात एक मुलगी होती. तिचे नाव मी येथे घेत नाही. तिचे आईवडील ऊसतोडीला जात. मुकादमाची उचल घेतलेली असे, म्हणून दसरा झाला की बिऱ्हाड बैलगाडीवर चढे आणि उन्हाळा लागल्यावर परत येई. ती परत आली तेव्हा वर्गाचे पुस्तक संपत आले होते. मला काळजी वाटली. परंतु आठ-पंधरा दिवसांतच ती इतर मुलांबरोबर धडे वाचू लागली. बोट ओळीवरून फिरे, आवाज खणखणीत असे, एक शब्द चुकत नसे. तपासणीस आलेल्या साहेबांपुढे मी तिलाच उभे केले. त्यांनी शाबासकी दिली आणि ती शाबासकी मीही आपल्या पदरात बांधून घेतली.

दोन वर्षांनी ती तिसरीत असताना मी तिला नव्या पुस्तकातील धडा वाचावयास सांगितला. ती उभी राहिली, पुस्तकाकडे पाहत राहिली आणि मग अगदी सरळपणाने म्हणाली, "गुरुजी, हा धडा मला अजून कुणी म्हणून नाही दाखवला."

बंधुभगिनींनो, त्या मुलीस वाचता येत नव्हते. तिला ऐकता येत होते, आणि ऐकलेले सारे तिच्या ध्यानात राहत होते. अशी स्मरणशक्ती असलेले मूल माझ्यापुढे बसले होते आणि मी तिला एक अक्षरही दिले नव्हते. तिने मला फसविले नाही. वाचणे म्हणजे हेच, अशी तिची प्रामाणिक समजूत होती, आणि ती समजूत मीच करून दिली होती. पुस्तक संपले म्हणजे वर्ष झाले, असे मी धरून चाललो होतो.

त्या दिवसापासून मी स्वतःला विचारू लागलो की पहिलीच्या वर्षात मूल खरोखर शिकते तरी काय?

पहिली गोष्ट ध्यानात घ्यावयाची ती ही, की मूल रिकाम्या हाताने येत नाही. सहा वर्षांचे लेकरू डोंगराला 'तो', नदीला 'ती' आणि झाडाला 'ते' म्हणते. यात ते क्वचितच चुकते. हे लिंगविचाराचे प्रकरण त्यास कोणी शिकविले? मुलगी 'मी गेले' म्हणते आणि मुलगा 'मी गेलो' म्हणतो. काल, आज आणि उद्या यांची क्रियापदे ते बिनचूक चालविते. हजारो शब्द, घरातल्या ओव्या, आजीने घातलेली कोडी, बैलांची नावे, पिकांची नावे, एवढे भांडवल घेऊन ते आपल्यापुढे बसते. मग पहिल्या आठवड्यात ते मुके का होते? बहुधा आपण त्याचे पहिलेच वाक्य दुरुस्त केलेले असते. ते 'मपलं दप्तर' म्हणाले, आपण 'माझे दप्तर म्हण' असे सांगितले. त्यास एवढेच कळले की आपले बोलणे येथे चालत नाही.

हे दुःख आपल्या मराठवाड्यास नवे नाही. निजामी राजवटीत वरच्या शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. १९१८ साली हैदराबादेस स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिकावयाचे तर उर्दूतूनच शिकावे लागे. घरची भाषा एक आणि शाळेची दुसरी, याचा ताण आपल्या आज्या-पणज्यांच्या पिढीने सोसला आहे. आज तांड्यावरून येणारे, घरी गोरमाटी बोलणारे लेकरू आपल्या मराठी वर्गात त्याच ठिकाणी उभे असते. म्हणून पहिल्या महिन्यात मुलाला बोलते करावे. त्याने जे सांगितले ते सर्वांनी ऐकून घ्यावे. प्रमाण भाषा पुढे कानावरून येते; ती शिक्षकाने स्वतः स्वच्छ बोलावी आणि मुलास त्याच्या बोलीत उत्तर देऊ द्यावे. जून-जुलैत ज्या वर्गात आवाज आहे, त्या वर्गाचे निम्मे काम झाले असे मी समजतो.

दुसरी गोष्ट वाचनाची. आपण मोठी माणसे इतकी वर्षे वाचत आलो आहोत, की आपल्या लिपीत मुलास काय काय ओलांडावे लागते याचा आपणास विसर पडला आहे. घ आणि ध, भ आणि म, प आणि ष, थ आणि य या जोड्या पाहा. एका लहानशा रेघेने अक्षर बदलते. दगड उलटा ठेवला तरी तो दगडच, वाटी पालथी घातली तरी ती वाटीच, असे जगाने मुलास सहा वर्षे शिकविलेले असते. पाटीवर मात्र रेघ कोणत्या बाजूस गेली यावर सारे अवलंबून! पुन्हा 'दिवा' हा शब्द घ्या. कानाला द आधी ऐकू येतो आणि इकार मागून; लिहिताना मात्र वेलांटी आधी काढावी लागते. 'सर्प' या शब्दात र चा उच्चार प च्या आधी होतो, पण रफार बसतो प च्या डोक्यावर. 'चाक' आणि 'चंद्र' यांतील च दिसावयास एक, बोलावयास दोन. 'आंबा', 'पंखा' आणि 'चंदन' यांवरचा टिंब एकच, पण तिन्ही ठिकाणी त्याचा आवाज निराळा. जे मूल घरी 'पानी' म्हणते, त्यास 'पाणी' लिहावयाचे म्हणजे कानाचे न ऐकता लिहावयाचे. इतके सारे ओलांडून जे मूल वर्षाच्या शेवटी एखादे ओळखीचे नसलेले वाक्य स्वतःच्या बळावर वाचते, त्याने केवढा पल्ला गाठला याचा विचार करा.

यावर उपाय साधे आहेत, आणि ते आपल्यातील अनेकांना ठाऊक आहेत. सारी मुळाक्षरे अ पासून ज्ञ पर्यंत घोकून झाल्यावर मग शब्द, आणि शब्द झाल्यावर वाक्य, अशी वाट फार लांब पडते. सारखी वळणे असलेली थोडी अक्षरे घ्यावीत आणि त्यांतून लगेच अर्थाचे शब्द करावेत. ग, म, भ, न यांनी आरंभ करण्याची जुनी रीत याच विचाराने पडली आहे. मी पुढे पुढे म, ळ, र, न ही चार अक्षरे आणि एक काना एवढेच भांडवल घेऊन बसत असे. त्यांतून 'माळ' होतो, 'मळा' होतो, 'रान' होते. हे तीन झाले की चौथा शब्द फळ्यावर लिहावयाचा आणि आपण गप्प बसावयाचे. तो शब्द 'माळरान'. वर्गाच्या खिडकीतून जे दिसते तेच फळ्यावर आहे, हे ज्या क्षणी मुलास कोणी न सांगता कळते, त्या क्षणी ते वाचू लागले असे समजावे. पाठ म्हणणे आणि वाचणे यांतील फरक ओळखण्याची कसोटीही हीच आहे. शिकविलेल्या अक्षरांचा, परंतु पुस्तकात नसलेला शब्द मुलापुढे ठेवावा. त्यास दोन मिनिटे लागली तरी हरकत नाही. पण ओठ आपण हलवू नयेत.

तिसरी गोष्ट मोजण्याची. शंभरापर्यंत अंक म्हणणारे मूल पुष्कळदा दहा चिंचोके मोजून देऊ शकत नाही. तोंड पुढे धावते आणि बोट मागे राहते. एक वस्तू आणि एक अंक ही जोड पक्की होणे, आणि शेवटी उच्चारलेला अंक हा साऱ्या ढिगाचा आहे हे समजणे, ही पहिलीच्या गणिताची खरी पायरी आहे. जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने दाखविलेला प्रयोग आपण उद्याच वर्गात करून पाहावा. सहा-सहा चिंचोक्यांच्या दोन ओळी समोरासमोर मांडाव्यात. मूल म्हणेल, सारखे आहेत. मग त्याच्या देखतच एक ओळ पसरून लांब करावी आणि पुन्हा विचारावे. कित्येक मुले म्हणतील, लांब ओळीत जास्त आहेत. अशा मुलावर रागावून उपयोग नाही. त्याने पुनःपुन्हा मांडावे, पसरावे, गोळा करावे आणि मोजावे. ते शहाणपण हातांतून येते.

आपल्या मराठी संख्यानामांचीही एक अडचण आहे. 'पंचवीस' म्हणताना पाच आधी ऐकू येतात आणि लिहिताना दोन आधी येतात. म्हणून मूल ५२ लिहिते. 'एकोणतीस' या शब्दात तीस ऐकू येतात, तेव्हा ते कधी ३९ लिहिते. यात त्याचा कान खरा असतो. कानडीत वीस-एक, वीस-दोन अशाच क्रमाने संख्या म्हणतात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात त्या धर्तीचे संख्यावाचन जोडीला दिले गेले, तेव्हा महाराष्ट्रभर वाद झाला. त्या वादात मी शिरत नाही. एवढेच सांगतो, की दहा-दहा काड्यांचे गठ्ठे बांधून मुलाच्या हातात दिले आणि 'दोन गठ्ठे आणि पाच सुट्ट्या, म्हणजे पंचवीस' असे त्याने स्वतः मांडले, तर दोन्ही रीती त्यास समजतात. गठ्ठे न बांधता केवळ घोकून घेतले, तर कोणतीच समजत नाही.

चौथी गोष्ट कोणत्याही प्रगतिपत्रकात पुरती मावत नाही. घरी जे मूल एकटे लाडके किंवा एकटे दुर्लक्षित असते, ते येथे वीस-पंचवीस मुलांतील एक होते. पोषण आहाराच्या रांगेत आपली पाळी येईपर्यंत ते थांबते. कोणाही घरच्या, कोणाही जातीच्या मुलाच्या शेजारी बसून जेवते. हात धुते. दुसऱ्याचे बोलणे संपेपर्यंत ऐकते. चुकलेले पाटीवरून पुसते आणि पुन्हा लिहिते. चूक पुसता येते, हा धडा मला सर्वांत मोठा वाटतो. ज्या वर्गात चुकीला हसतात, तेथे मुले चूक लपविण्यास शिकतात, आणि लपविण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे पाठांतर. माझ्या त्या विद्यार्थिनीने तो मार्ग धरला, तेव्हा तिला दुसरा मार्ग मी दाखविलाच नव्हता.

आता आपल्या जिल्ह्याच्या विशेष दुखण्याकडे वळतो. कायद्याने पहिली ते पाचवीच्या शाळेचे किमान २०० दिवस ठरवून दिले आहेत. परंतु पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर या बालाघाटाच्या कडेकपारीतील कित्येक मुलांचे वर्ष दसऱ्याला संपते. गळीत हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. आईबाप मिळून एक 'कोयता' होतात, आणि कोयत्याबरोबर मूल जाते, कारण मागे त्यास सांभाळणारे कोणी नसते. हंगामी वसतिगृहाची सोय आहे, स्थलांतर करणाऱ्या मुलासाठी शिक्षण हमी कार्ड आहे. त्यांचा उपयोग आपण पुरेपूर करून घेतला पाहिजे. दसऱ्याची वाट न पाहता ऑगस्टातच घरोघर जाऊन, आजी किंवा चुलती मूल ठेवून घेईल काय हे विचारले पाहिजे. उचल घेतली गेली की पुढचे बोलणे अवघड होते. हा माझ्या अनुभवाचा बोल आहे.

तरीही काही मुले जाणारच. त्यांच्यासाठी माझे सांगणे असे, की जूनमध्येच त्यांची वेगळी यादी करावी आणि त्यांचे वर्ष चार महिन्यांचे धरून आखणी करावी. चार महिन्यांत सारे पुस्तक होणार नाही, होऊही नये. पण दहा-बारा अक्षरे, काना आणि वेलांटी, त्यांतून स्वतः वाचता येणारे शब्द, स्वतःचे नाव लिहिणे आणि वीसपर्यंत वस्तू मोजणे, एवढे पक्के होऊ शकते. ज्यास दहा अक्षरांनी शब्द वाचता आला, ते मूल साखर कारखान्याच्या पाटीवरही अक्षरे शोधते. ज्यास केवळ धडा पाठ आहे, त्यास कोपीवर गेल्यावर काहीच शोधता येत नाही, कारण तेथे तो धडा नसतो. आणि मूल मार्चात परत आले, की त्यास वर्गाच्या चालू पानावर बसवू नये. ते ज्या अक्षरावर थांबले होते, तेथेच त्याच्याशेजारी आपण जाऊन बसावे.

पहिलीत कोणासही नापास करता येत नाही. हे योग्यच आहे. सहा वर्षांच्या जिवावर नापासाचा शिक्का मारणे म्हणजे क्रौर्य होय. परंतु त्यामुळे एक गोष्ट विसरली जाते. मूल नापास होत नसले, तरी आपण होऊ शकतो. २०२१ साली केंद्र सरकारने निपुण भारत अभियान सुरू करून, तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलास समजून वाचता यावे आणि साधे हिशेब करता यावेत, असे ध्येय देशापुढे ठेवले. ते ध्येय तिसरीच्या शिक्षकाने गाठावयाचे आहे असे समजून आपण स्वस्थ बसलो, तर ते गाठले जाणार नाही. त्याचा पाया आपल्या वर्गात आहे.

म्हणून एप्रिलअखेर प्रत्येक मुलास एकेकटे जवळ बसवून पाच प्रश्न विचारावेत. पुस्तकात नसलेला शब्द ते वाचते काय? मनातील एक वाक्य, चुकतमाकत का होईना, लिहिते काय? 'चौदा चिंचोके दे' म्हटल्यावर चौदाच देते काय? काल घडलेली गोष्ट चार वाक्यांत सांगते काय? आणि पाचवा, न समजलेले आपणहून विचारते काय? उत्तरे एका वहीत लिहून ठेवावीत आणि ती वही दुसरीच्या शिक्षकाच्या हाती द्यावी. आपली लाज वाटली तरी खरे लिहावे. मी तसे लिहिले असते, तर त्या मुलीची दोन वर्षे वाचली असती.

तिचे पुढे काय झाले ते सांगून मी थांबतो. तिसरीच्या त्या दिवसानंतर मी तिला शाळा सुटल्यावर रोज अर्धा तास थांबवून घेतले. चार अक्षरांपासून पुन्हा आरंभ केला. तिसऱ्या आठवड्यात तिने 'माळरान' हा शब्द स्वतः वाचला आणि उठून खिडकीबाहेर पाहिले. मग दसरा आला आणि ती गेली. धाकट्या भावास सांभाळण्याइतकी ती आता मोठी झाली होती, म्हणून पुढल्या वर्षी तिला शाळेत पाठविले नाही. मी घरी गेलो, बोललो. ऐकले गेले नाही. ती गेली तेव्हा तिला माळ, मळा, रान आणि माळरान असे चार शब्द स्वतः वाचता येत होते. तीन इयत्तांच्या हजेरीपटावर तिचे नाव आहे, आणि मी तिला दिले ते एवढेच.

येत्या जूनमध्ये आपल्या प्रत्येकाच्या वर्गात अशी एक तरी मुलगी येऊन बसेल. तिचा आवाज खणखणीत असेल. तिला शाबासकी अवश्य द्यावी. पण तत्पूर्वी पुस्तक मिटावे, फळ्यावर एक नवा शब्द लिहावा आणि थोडा वेळ थांबावे, एवढीच माझी आपणास विनंती आहे.